म्हशी आल्या होत्या, शेळ्यांचं आठवत नाही : केनियातले सात दिवस

माझा भाचा दोन वर्षांपासून नैरोबीत नोकरीला आहे. "संध्यामावशी, जुलैत ये, तेव्हा हवा पुण्यासारखी असते," असं तो सारखा म्हणत होता. शेवटी गेल्या जुलैत आम्ही दोघं गेलो. सिंह-जिराफ बघायचे नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. एकतर ते महाग पडतं, शिवाय ह्यांचे गुडघे जीपमधल्या खडखडाटाला तयार नव्हते. म्हटलं, गाडीनं फिरू, गावं बघू, माणसांशी बोलू. पहिल्याच दिवशी विषय नावांवर गेला आणि सातव्या दिवसापर्यंत तिथून हललाच नाही.

पहिला दिवस : नैरोबी

मुंबईहून थेट विमान सहा तासांत पोचवतं. भाच्यानं ठरवलेला ड्रायव्हर म्वांगी बाहेर उभा होता. पन्नाशीचा, स्वेटर घातलेला, बोलका. गाडीत बसेपर्यंत त्यानं तीन गोष्टी टिपल्या. माझ्या पासपोर्टावर रजनी आहे, नवरा मला रजनी म्हणतो आणि भाचा मात्र संध्या म्हणतो.

"मॅडम, तुमची नावं किती?"

मी सांगितलं. जन्माची मी संध्या. १९९३ साली लग्न झालं. सासरी धाकट्या नणंदेचं नाव आधीच संध्या. एका घरात दोन संध्या कशा चालणार? मग ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, रजनी. माहेरची माणसं अजून संध्याच म्हणतात. मधलं नाव आधी वडिलांचं होतं, नंतर नवऱ्याचं झालं.

"मग त्यांचं काय काय बदललं?" म्वांगीनं ह्यांच्याकडे आरशातून बघत विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

*निघण्याआधी :* भारतीयांना २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना घ्यावा लागतो. पिवळ्या तापाची लस विसरू नका. ती किमान दहा दिवस आधी घ्यायची असते आणि परतताना आपल्याच विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे. मी चिवडा-लाडू सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरलं होतं.

दुसरा दिवस : न्येरी

दिवसाची सुरुवात फजितीनं झाली. भाच्याला नवीनच स्वाहिली येऊ लागलीय. त्यानं म्वांगीशी फोनवर बोलून आम्हाला सांगितलं, "उद्या एक वाजता निघायचं." आम्ही निवांत. सकाळी सातला दारावर टकटक. ह्यांच्या अंगात बनियन, माझ्या तोंडात ब्रश. म्वांगी म्हणाला होता "सा मोजा", म्हणजे पहिला तास. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. आपल्या आज्या 'दिवस कासराभर वर आला' म्हणायच्या, त्यांना हे लगेच कळलं असतं. (कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली, तर सहा तासांचा फरक धरा. इंग्रजीत सांगितली, तर घड्याळाप्रमाणे.)

नैरोबीहून न्येरी साधारण दीडशे किलोमीटर. लाल माती, चहा-कॉफीचे मळे, उतारांवर केळी. माउंट केनिया ढगातून बाहेर आलाच नाही. म्वांगीचं गाव वाटेतच होतं, त्यामुळे जेवण त्याच्या आईकडे. म्हातारीनं मुकिमो केला होता : बटाटा, मटार, मका आणि हिरवा पाला एकत्र घोटून केलेला हिरवट गोळा. ह्यांनी त्यावर बॅगेतली लसणाची चटणी भुरभुरवली. म्हातारीनंही चाखली आणि डबा स्वतःकडे ठेवून घेतला.

तिथे मी जे बघितलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. सहा वर्षांची एक मुलगी अंगणात खेळत होती, म्वांगीची लेक. त्यानं हाक मारली, "माईतू, पाणी आण."

माईतू म्हणजे आई. लेकीला आई? आपणही लाडानं मुलीला 'ये गं माझी आई' म्हणतो, पण हे लाडाचं नव्हतं. किकुयू लोकांत मुलांची नावं आईबाप निवडत नाहीत, ती ठरलेलीच असतात. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं. पुढची मुलं झाली, तर काका, मामा, आत्या, मावश्या. म्हातारीचं नाव न्याम्बुरा, म्हणून नातही न्याम्बुरा. म्हातारीनं नातीला मांडीवर घेतलं आणि म्वांगीकरवी मला सांगितलं, "ही मीच. मी गेले तरी मी इथेच आहे."

एका घरात दोन न्याम्बुरा! आणि त्याची अडचण कुणालाच नव्हती, उलट सगळा खटाटोप त्यासाठीच होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मुकिमो वाढून घेतला.

आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. पण सुनेनं सासऱ्याचं नाव कसं उच्चारायचं? म्हणून पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं बंड्या किंवा बाळ. किकुयू सून तोच पेच उलट्या बाजूनं सोडवते, मुलाला ती आदरानं वडीलधाऱ्यासारखी हाक मारते. आपण नाव लपवलं, त्यांनी नात्यासकट वापरलं.

न्याम्बुरा म्हणजे 'पावसाची'. आपली वर्षाच म्हणा. किकुयूंच्या कथेत गिकुयू आणि मुम्बी या मूळ जोडप्याला मुली होत्या : वांजिरू, वाम्बुई, वांगारी, वाइरिमू, वांजिकू, न्याम्बुरा अशा. त्यांच्यापासून एकेक कूळ निघालं. मोजल्या तर दहा भरतात, पण म्हणताना 'नऊ पुरेपूर' म्हणतात, कारण माणसं नेमकी मोजू नयेत. माझी आजीही घरातली मुलं मोजू द्यायची नाही, दृष्ट लागते म्हणून. कुळं मुलींच्या नावानं असल्यामुळे तिकडे ज्या ऑफिसात जाल, तिथे एक वांजिरू आणि दोन वाम्बुई भेटतातच.

नोबेल मिळवणाऱ्या वांगारी माथाई याच न्येरी भागातल्या. त्यांचं पहिलं नाव त्या नऊ पुरेपूर मुलींपैकी एकीचं आणि माथाई नवऱ्याचं. १९७९ साली घटस्फोट झाला, तेव्हा नवऱ्यानं आडनाव परत मागितलं. बाईंनी ते टाकलं नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवला आणि नाव स्वतःचं करून घेतलं. २००४ मध्ये शांततेचं नोबेल त्याच दोन 'ए'वाल्या नावावर आलं. म्वांगी हे सांगताना हसत होता. मला मात्र हसू आलं नाही, थोडा हेवा वाटला. तांदळाच्या ताटासमोर बसले होते, तेव्हा मलाही एखादं अक्षर वाढवून मागायचं सुचायला हवं होतं.

एक अडचण म्वांगीनंच सांगितली. पूर्वी सहा-आठ मुलं व्हायची, सगळ्या आजी-आजोबांचा नंबर लागायचा. आता दोनावर थांबतात. दोन्ही मुली झाल्या, की आजोबा बिनवारस. त्याच्या मेहुण्याला एकच मुलगा आहे आणि मुलीकडचे म्हातारे त्यावरून अजून रुसून बसलेत.

तिसरा दिवस : नुसता रस्ता

न्येरी ते एल्डोरेट. दिवसभर गाडी, दुपारी गारांचा पाऊस, रस्त्याकडेला भाजलेली कणसं. तिखट-लिंबू लावलेली, अगदी आपल्या घाटातल्यासारखी.

वाटेत म्वांगीनं केन्याट्टांची गंमत सांगितली. देशाचे पहिले अध्यक्ष लहानपणी कामाऊ वा न्गेंगी, म्हणजे न्गेंगींचा कामाऊ. १९१४ मध्ये बाप्तिस्मा होऊन जॉन्स्टन झाले. पुढे मण्यांच्या कमरपट्ट्यावरून केन्याट्टा, मग जोमो. "तुमच्यापेक्षा दोन जास्तच," तो मला म्हणाला.

मग गप्पांची गाडी काम्बा लोकांकडे वळली. त्यांच्यात म्बिटी असं नाव असतं. अर्थ तरस! आधीची मुलं दगावलेली असली, की नव्याला असं नाव देतात, म्हणजे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. मी म्हटलं, आमच्याकडे दगडू, धोंडू, केरबा याच कारणानं असतात. म्वांगीला 'केरबा' फार आवडलं. पुढचे पन्नास किलोमीटर तो स्वतःशीच म्हणत होता. त्याला नकुशीबद्दल मात्र सांगितलं नाही. साताऱ्यात २०११ साली पावणेतीनशेहून अधिक नकुशींना समारंभानं नवी नावं दिली, तेव्हा मी पेपरातलं ते कात्रण जपून ठेवलं होतं. तरस हे नाव मूल जगावं म्हणून ठेवतात. नकुशीत ती इच्छा नाही. या दोन गोष्टी एका दमात सांगायला मला जमलं नाही.

एल्डोरेटला म्हातारे लोक अजून 'सिसिबो' म्हणतात. गोऱ्यांच्या वसाहतीत हा प्लॉट नंबर चौसष्ट होता, इंग्रजीतल्या 'सिक्स्टी-फोर'चं सिसिबो झालं. १९१२ मध्ये गावाला नीट नाव मिळालं तरी सिसिबो गेलं नाही.

चौथा दिवस : इटेन

इटेन सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वराच्या दीडपटीहून जास्त. दोन जिने चढले तरी धाप लागत होती. आणि आमच्या शेजारून तिथली पोरं हरणासारखी पळत होती. पहाटे साडेसहाला लाल वाटांवर शंभरेक धावपटू, बोलणं नाही, फक्त बुटांचा आवाज. गावाच्या वेशीवरच्या कमानीवर 'चॅम्पियनांचं घर' असं इंग्रजीत लिहिलंय आणि त्यात फुशारकी नाही. (गरम कपडे न्याच. जुलैत तिथे दुपारनंतर पाऊस ठरलेला. पहिल्या दिवशी चालण्यापलीकडे काही करू नका.)

आम्ही एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी राहिलो. बाईंचं नाव चेरोतिच. त्यांनी मुर्सिक दिलं : भोपळ्याच्या तुंब्यात, आतून कोळसा घासून आंबवलेलं दूध. रंग राखाडी, चव धुरकट ताकाची. ह्यांनी एक घोट घेऊन पेला माझ्याकडे सरकवला. मी दोन्ही संपवले.

"चेरोतिच म्हणजे?"

"गुरं घरी येतात ती वेळ. मी तेव्हा जन्मले."

मी जवळजवळ ओरडलेच, "गोरज!" आपण गोरज मुहूर्तावर लग्नं लावतो, यांनी त्या वेळेला माणसाचं नाव केलं. कालेन्जिन लोकांत मुलग्याच्या नावाला 'किप' आणि मुलीच्या नावाला 'चेप' किंवा 'जेप' लागतं, पुढे जन्माची वेळ किंवा प्रसंग. पाऊस पडत असताना झाला तर किप्रोप, मुलगी असेल तर चेरोप. पहाटे झाला तर किपकोएच, ती चेपकोएच. घराबाहेर झाला तर किपसांग. धान्याच्या कणगीपाशी झाला तर किपचोगे. म्हणजे मॅरेथॉनचा राजा एल्युड किपचोगे हे नाव ऐकल्यावर कालेन्जिन माणसाला कणगी दिसते! जेपचिरचिर म्हणजे घाईघाईत जन्मलेली. पेरेस जेपचिरचिरनं टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन जिंकली, तेव्हा बाईंच्या शाळेत मुली म्हणाल्या म्हणे, नाव सार्थ केलं.

मी शहाणपणा केला. "मग तुमची धावपटू फेथ किपयेगोन, ती बाई असून 'किप' कसं?"

बाईंनी विद्यार्थिनीकडे बघावं तसं बघितलं. "तिचं स्वतःचं नाव चेपन्गेतिच. किपयेगोन तिचे वडील." म्हणजे आपल्यासारखंच, वडिलांचं नाव जोडलेलं. पूर्वी मुलाची वयात येण्याची दीक्षा झाली, की 'अराप' लावून वडिलांचं नाव घ्यायचे. माजी अध्यक्ष डॅनियल अराप मोई यांच्या नावातलं अराप म्हणजे 'चा मुलगा'.

रात्री शेगडीपाशी बाईंनी आजीकडून ऐकलेली रीत सांगितली. बाळ जन्मलं, की म्हाताऱ्या बायका घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायच्या. ज्या नावाला बाळ शिंकेल, तो पूर्वज परत आला. बाळ शिंकायचं नाव घेत नसेल, तर नाकाशी चिमूटभर तपकीर. माझी आजी शिंक आली की घराबाहेर पडू द्यायची नाही, पाणी पिऊन थांबायला लावायची. तपकीर मात्र तीही ओढायची. इटेनमध्ये जन्मली असती, तर दिवसाला चार पूर्वज परत आणले असते.

मग बाईंनी मला विचारलं, "तुमचा जन्म कधीचा?"

"संध्याकाळचा. म्हणून तर संध्या."

"ते कळलं. पण गुरं यायच्या वेळी की शेळ्या-मेंढ्या यायच्या वेळी? शेळ्यांची वेळ असेल तर चेरोनो. पार अंधारत आलं असेल तर चेलागाट."

मी आईला फोन लावला. ती सांगलीला असते, वय एक्याऐंशी. बाळंतपण तिच्या माहेरी झालं होतं, मिरजेजवळच्या खेड्यात.

"आई, मी झाले तेव्हा गुरं आली होती का?"

"कुठं आहेस तू? बरी आहेस ना?"

दहा मिनिटं समजावल्यावर ती म्हणाली, "म्हशी आल्या होत्या. धार काढायची राहिली होती, म्हणून तुझी आजी ओरडत होती. शेळ्यांचं आठवत नाही बाई."

बाईंनी मान हलवली. म्हशींची सोय त्यांच्या भाषेत नव्हती.

पाचवा दिवस : किसुमू

नांदीच्या डोंगरातून उतरताना चहाचे मळे, मग एकदम उकाडा. किसुमू तळ्याकाठी आहे. नकाशात व्हिक्टोरिया सरोवर, लुओ भाषेत नाम लोल्वे. मोम्बासाहून निघालेली रेल्वे डिसेंबर १९०१ मध्ये इथवर पोचली, ती बांधायला हजारो हिंदी मजूर आणले होते. तेव्हा या ठिकाणाला रेल्वे इंजिनियरच्या बायकोवरून पोर्ट फ्लॉरेन्स म्हणत. ते नाव गेलं, किसुमू राहिलं. आपली बरीच माणसं परत गेली, पण शब्द राहिले : दुका, चाय, चपाती. माशाबरोबर कांदा-टोमॅटो आला, त्याचं नाव कचुंबारी!

काठावर टिनाच्या शेडमध्ये जेवलो. तळलेला अख्खा तिलापिया मासा, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पालेभाजी. वाढणाऱ्या बाईंना सगळे 'मामा ओपियो' म्हणत होते. हे कुजबुजले, "बाईला मामा?" स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मूल झालं, की बाईला मुलाच्या नावानंच ओळखतात, आपल्या 'बंडूची आई'सारखं. मामा ओपियोंना आधी जुळे झाले. लुओंमध्ये जुळ्यांतला पहिला ओपियो, मागाहून येणारा ओडोंगो आणि त्यानंतरच्या खेपेला होणारा ओकेलो. तिघंही तिथेच मासे साफ करत होते.

लुओंचं वेळापत्रक कालेन्जिनांपेक्षा सुटसुटीत आहे, त्यात गुरं नाहीत. मुलाला 'ओ', मुलीला 'अ'. पहाटेचा ओमोंडी. सकाळ वर आली की ओन्यांगो. ऊन तापलं की ओचिएंग, मुलगी अचिएंग. संध्याकाळी ओधियाम्बो, मुलगी अधियाम्बो. रात्री ओटिएनो, मुलगी अटिएनो. पावसात ओकोथ. म्हणजे वर्ग भरला, की हजेरीत दिवस-रात्र फिरून येते. आपल्याकडेही उषा, संध्या, निशा, रजनी आहेतच. पण आपली उषा भर दुपारी जन्मलेली असू शकते, लुओ अटिएनोनं तसं केलेलं चालत नाही.

"तुमचं नाव?" मामा ओपियोंनी विचारलं. आता मला हा प्रश्न सोपा राहिला नव्हता. संध्या म्हणजे संध्याकाळ, लग्नानंतर रजनी, म्हणजे रात्र.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "लग्न केलं आणि अधियाम्बोची अटिएनो झाली?" मग आख्ख्या शेडला लुओमध्ये ओरडून सांगितलं. पलीकडच्या टेबलावरचे मच्छीमारही हसले. ह्यांच्याकडे बोट दाखवून कुणीतरी काहीतरी म्हणालं, मामांनी भाषांतर करायला नकार दिला.

*पैशांबद्दल :* तिथे भाजीवालीपासून सगळे मोबाइलवरून एम-पेसानं पैसे घेतात. पाठवताना समोरच्याचं नोंदलेलं नाव दिसतं. मामा ओपियोंच्या जागी स्क्रीनवर एक बायबलमधलं नाव आलं. भाच्याला वाटलं चुकीच्या माणसाला गेले. "ते चर्चचं आहे," त्या म्हणाल्या, "पैसे त्या नावानं येतात, हाक या नावानं."

सहावा दिवस : कोगेलो

सकाळी मासेनोला विषुववृत्ताच्या पाटीपाशी थांबून फोटो. पुढे कोगेलो, ओबामांच्या वडिलांचं गाव. कौलाऐवजी पत्रा, अंगणात कोंबड्या, कुटुंबाच्या समाध्या. आजोबांच्या नावात ओन्यांगो आहे, म्हणजे सकाळचा जन्म. आता मलाही वाचता येत होतं! सावत्र बहीण औमा. हे नाव पालथ्या जन्मलेल्या मुलीचं. २००८ नंतर इकडे पुष्कळ बराक झाले, तशी मोठ्या माणसाच्या नावाची हौस आपल्याकडे काय कमी आहे? पाळण्यातले सचिन आठवा.

दाखवणाऱ्या म्हाताऱ्यानं एक गोष्ट सांगितली. सारखं रडणारं बाळ गप्प बसत नसेल, तर गेलेल्यांची नावं घेत जायचं. ज्या नावाला रडं थांबेल, ते त्याचं. किंवा घरातल्या कुणाच्या स्वप्नात पूर्वज येऊन सांगतो, नाव माझं ठेवा. इटेनला शिंक, इथे शांतता. इथलेच मोठे नेते ओगिंगा ओडिंगा यांनी बाप्तिस्म्याची नावं टाकून दिली होती, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं. स्वतःचं चर्चचं नाव विचारल्यावर मात्र म्हणाला, "ते बायकोला विचारा, कागद तिच्याकडे असतात."

परतताना धो धो पाऊस. गाडीत हे अचानक म्हणाले, "संध्या, खिडकी लाव."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी खिडकी लावली. म्वांगीनं आरशात बघितलं आणि, हे त्याला जड गेलं असणार, काहीच बोलला नाही.

सातवा दिवस : परत

किसुमूहून नैरोबी विमानानं पाऊण तास, रात्री मुंबईची फ्लाइट. म्वांगीला उरलेला चिवडा दिला. त्यानं "क्वाहेरी, केरबा!" म्हणून ह्यांना मिठी मारली. म्हणजे ते नाव कुणाला चिकटलं होतं, ते तेव्हा कळलं.

घरी येऊन आठवडा झाला आणि आईचा फोन आला. मला वाटलं तब्येतीचं काही. तर म्हणाली, "अगं, गावाकडच्या मामीला विचारलं. ती म्हणते, त्या वर्षी आपल्याकडे शेळ्या नव्हत्याच. सगळ्या आदल्या बाजारात विकल्या होत्या. तुझ्या त्या बाईंना कळव."

मी कळवलं. चेरोतिचबाईंचा उलट निरोप आला : "मग शेजाऱ्यांच्या शेळ्या?"